आज्ञापत्राच्या शेजारी वर्तमानपत्र

(माध्यमिक शाळांतील शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नववी-दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा एक प्रश्नप्रकार असतो. उताऱ्यात आलेल्या विचारावर विद्यार्थ्याने स्वत:चे मत स्वत:च्या शब्दांत मांडावे, ही त्यामागची अपेक्षा. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा या प्रश्नाचे मोठे स्वागत झाले होते. आता घोकंपट्टी संपेल, मुले विचार करू लागतील, अशी आशा अनेकांना वाटली होती. पुढे काय झाले ते घरोघरी ठाऊक आहे. बाजारातील मार्गदर्शक पुस्तकांत 'स्वमत' तयार मिळते, शिकवणीवर्गात ते उतरवून दिले जाते आणि मुले ते पाठ करून परीक्षेला जातात. स्वत:चे मत विकत घेऊन पाठ करण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्या समाजाने शोधून काढली असेल असे वाटत नाही.

या गोष्टीवर हसून मोकळे होणे सोपे आहे. पण दोष मुलांचा नाही. ज्या धड्याचा आपल्या गावाशी, घराशी, सकाळी दारात पडलेल्या वर्तमानपत्राशी काही संबंध आहे असे कोणी दाखवूनच दिलेले नाही, त्या धड्याविषयी पंधरा वर्षांच्या मुलाचे मत असणार तरी कसे? 'असर' या पाहणीचा चौदा ते अठरा वयोगटाविषयीचा २०२३चा अहवाल जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत ही पाहणी झाली होती. त्यातील सुमारे पाव मुलांना आपल्याच प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही. त्याच पाहणीत जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. म्हणजे जगाच्या बातम्या मुलांच्या मुठीत येऊन पोचल्या आहेत, आणि त्या पारखून घेण्यासाठी लागणारे वाचन मात्र मागे राहिले आहे. पुराणपुरुषांपासून कालच्या निवडणुकीपर्यंत कोणत्याही विषयावर आलेला मजकूर क्षणार्धात पुढे धाडला जातो. धाडणारा तो पुरता वाचतोच असे नाही.

धडा आणि बातमी यांची गाठ वर्गात कशी घालावी, हा आजचा विषय आहे. त्यासाठी परदेशातील प्रयोगांकडे जाण्याचे कारण नाही. एक जुने मराठी पुस्तक पुरेसे आहे.

रामचंद्र नीलकंठ अमात्य यांचे 'आज्ञापत्र' इतिहासाच्या तासाला नावाने भेटते. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सर्वांत तरुण वयात बसलेला, पुढे संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि कोल्हापूरचे छत्रपती अशा पिढ्यांची चाकरी केलेला, राज्य बुडता बुडता सावरताना पाहिलेला हा माणूस. १७१५-१६च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे लिहिलेल्या या आज्ञापत्रात त्याने राज्य कसे चालवावे ते सांगून ठेवले आहे. लेखक, काळ, प्रकरणांची संख्या एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. शिवजयंतीच्या भाषणात त्यातील दुर्गमाहात्म्याचा उल्लेख होतो आणि टाळ्या पडतात. प्रत्यक्षात हे गौरवाचे पुस्तक नाही. ते कामाचे पुस्तक आहे. त्यातील पानापानावर अमुक गोष्ट कोणी करावी, कोणी करू नये, न केल्यास काय होईल, हे लिहिले आहे. म्हणूनच ते वर्तमानपत्राच्या शेजारी ठेवून वाचता येते. बातमीतही शेवटी हाच प्रश्न दडलेला असतो, की हे काम कोणाचे होते?

गडावरचा केर

उदाहरणादाखल दुर्गप्रकरणातील केरकचऱ्याविषयीचा भाग घ्यावा. गडावरील वाटा, बाजार, तट यांवर केर पडू देऊ नये, अशी अमात्यांची सूचना आहे. झाडलेला केर गडाखाली लोटून देऊ नये, तर जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा, असे ते सांगतात. मुले हे वाचून प्रथम हसतील. एवढ्या मोठ्या राज्याचा अमात्य, आणि लिहितो काय, तर केराविषयी! शिक्षकाने हे हसू अडवू नये. हसून झाल्यावर एकच विचारावे : केर गडाखाली टाकू नये, असे का लिहिले असेल?

उत्तरे येऊ लागतात. खालून चढणाऱ्या शत्रूला ढीग सोयीचा होईल, असे कोणी म्हणेल. रोगराई पसरेल, असे कोणी म्हणेल. एखादी मुलगी म्हणेल, खाली कोणाचे तरी गाव असते. तिथे शिक्षकाने थांबावे आणि वर्तमानपत्राची कात्रणे काढावीत. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत नेऊन टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, ग्रामस्थांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, शहरात कचरा साचला की त्याची बातमी झाली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या की बातमी संपली. मुंबईत जानेवारी २०१६मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली तेव्हा त्या धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महानगरे हेच आजचे गड आहेत आणि केर गडाखाली लोटला जातो आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही. कात्रणे आणि उतारा शेजारी ठेवले की ते त्यांचे त्यांनाच दिसते.

मात्र खरा कस पुढच्या प्रश्नाला लागतो. हुशार विद्यार्थी विचारणारच : अमात्य केर जाळायला सांगतात, मग आपणही जाळावा काय? या प्रश्नाला घाबरणारा शिक्षक विषय बदलतो. जाणता शिक्षक मुलांना विचारतो, की त्या काळच्या केरात काय असेल? पालापाचोळा, काड्या, गवत, शेणकूट. त्याची राख परसातील मातीला पोषक. आजच्या केरात प्लास्टिक आहे, बॅटऱ्या आहेत, औषधांची वेष्टने आहेत. त्याचा धूर विषारी असतो आणि राखेत भाजी लावता येत नाही. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली ती यासाठीच. म्हणजे अमात्यांचे शब्द जसेच्या तसे उचलले तर त्यांच्या हेतूचाच भंग होतो. आपला केर आपल्याच हद्दीत जिरवावा, हा त्यांचा हेतू. जाळणे हा त्या काळचा उपाय. हेतू आणि उपाय यांतील हा भेद पंधराव्या वर्षी उमगला तर पुढे कोणतेही पुस्तक आणि कोणताही कायदा वाचताना तो उपयोगी पडतो. परंपरेविषयी बोलणाऱ्या मोठ्यांनाही तो कित्येकदा उमगलेला नसतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

जुलै २०२५मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. रायगड, राजगड, साल्हेर, शिवनेरी, सिंधुदुर्ग ही नावे जगाच्या यादीत गेल्याचा आनंद सर्वांनाच झाला, आणि तो रास्त आहे. आता सहली वाढतील. गडावर गेल्यावर जयजयकार होतो, छायाचित्रे निघतात आणि परतताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तटावरून खाली जातात. त्या बाटल्या टाकणाऱ्यांना अमात्यांचे ते वाक्य शाळेत कोणी वाचून दाखविले होते काय?

पाण्याचे गणित

त्याच प्रकरणात पाण्याविषयी लिहिले आहे. गड बांधण्यापूर्वी तिथे पाणी आहे की नाही ते पाहावे. नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये, कारण युद्धाच्या वेळी तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. म्हणून साठ्याची टाकी वेगळी राखावीत आणि ते पाणी एरवी उधळू नये. या भागाशेजारी २०१६च्या एप्रिलमधील लातूरची बातमी ठेवावी. मांजरा धरण कोरडे पडले होते. ११ एप्रिलला मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्यातून २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. पावसाळ्यापर्यंत अशा शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

आता मराठीच्या तासाला गणिताचे पुस्तक उघडावे. २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. पाच लाख लिटर पाणी त्यांत वाटले तर माणशी दीड लिटरसुद्धा येत नाही. पन्नास वाघिणींचे वाटले तर साडेसहा लिटर, म्हणजे जेमतेम एक छोटी कळशी. हे आकडे मुलांनी स्वत: फळ्यावर मांडले म्हणजे वर्गात जी शांतता पसरते ती कोणत्याही भाषणाने पसरत नाही. मग प्रश्न सुरू होतात. एका धरणाच्या भरवशावर एवढे शहर कसे राहिले? साठ्याचे टाके कोठे होते? धरणाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला कोणती पिके होती?

इथे तास अवघड होतो, आणि तो अवघड व्हावाच. मराठवाड्यातील वर्गात ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा बसलेला असतो. दुष्काळी भागातील ऊस आणि साखर कारखाने यांवर बोट ठेवले गेले की तो मान खाली घालतो, किंवा उसळून उठतो. त्याच्या वडिलांना उसाइतका बांधीव भाव आणि हमखास खरेदीदार दुसऱ्या कोणत्या पिकाला मिळतो, हे त्याने विचारले तर त्याला गप्प बसविणे हा त्या तासाचा पराभव ठरेल. आज्ञापत्र हातात घेऊन एका शेतकऱ्याच्या मुलाला दोषी ठरविणे सोपे आहे. राज्याने कोणाला कोणता मार्ग मोकळा ठेवला होता हे शोधणे कष्टाचे आहे.

पूर्वपक्ष

वादाचे विषय वर्गात आणू नयेत, असे अनेक पालकांना वाटते. राजकारण शिरेल, ही त्यांची भीती अनाठायी नाही. शिक्षकाच्या मनात एखादे मत आधीच ठरलेले असते, तो त्या मताकडे नेणारी कात्रणे तेवढी निवडतो, आणि मुलांना वाटते की आपण विचार केला. या मार्गाने गाइडातल्या 'स्वमता'ऐवजी शिक्षकाचे 'स्वमत' मुलांच्या वहीत उतरते, एवढाच फरक. हा दोष एकाच विचाराच्या लोकांत असतो असेही नाही. ज्यांना राष्ट्रविचार मुलांपर्यंत पोचवायचा आहे त्यांनी तर याबाबत अधिक सावध राहिले पाहिजे, कारण घोषवाक्य म्हणून दिलेला विचार पहिल्या प्रतिवादातच गळून पडतो.

यावर आपल्याच शास्त्रपरंपरेत उपाय आहे. भाष्यकार आपला सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो दुबळा करून मांडत नाही. प्रतिपक्षाला स्वत:लासुद्धा सुचला नसता इतका सबळ युक्तिवाद तो त्याच्या तोंडी घालतो आणि मगच उत्तराकडे वळतो. आचार्यांच्या भाष्यांतील पूर्वपक्ष वाचताना क्षणभर तोच खरा वाटू लागतो. नववीच्या वर्गातही हाच नियम लावता येईल. ज्याला एखाद्या प्रश्नावर बोलायचे आहे त्याने आधी विरुद्ध बाजू अशी मांडावी की त्या बाजूच्या मुलाने 'हो, मला हेच म्हणायचे होते' असे म्हटले पाहिजे. त्यानंतरच स्वत:चे बोलावे.

आरमाराच्या प्रकरणातील वृक्षांचा उतारा या पद्धतीने वाचून पाहावा. त्याचा उल्लेख पर्यावरण दिनाला हमखास होतो, आणि बहुधा अर्धाच होतो. जहाजांना लाकूड लागते. सागवानासारखी झाडे राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडून आणावीत, अधिक लागल्यास बाहेरून विकत घ्यावीत, असे अमात्य लिहितात. आंबा आणि फणस यांचे लाकूडही कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, ती तोडल्यावर तिच्या दु:खाला पारावार राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. एखादे झाड अगदी जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजोरी करू नये.

यातून झाड तोडूच नये असा निष्कर्ष काढणारा वाचक आरमार विसरतो. राज्याला गरज होती म्हणून तोडले तर बिघडले कोठे, असे म्हणणारा वाचक रयत विसरतो. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईतील आरे येथे मेट्रोच्या कारशेडसाठी अडीच हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा वा हलविण्याचा प्रश्न उभा राहिला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. ज्या मार्गासाठी हे झाले तो साडेतेहतीस किलोमीटरचा भुयारी मेट्रोमार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. रोज लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्यांना, रस्त्यावरील धुरात अडकणाऱ्यांना त्याचा लाभ आहे, आणि हवा स्वच्छ राहण्यातही अशा गाड्यांचा वाटा असतो. दोन्ही बाजूंनी ठोस बोलता येईल असा हा विषय आहे. आज्ञापत्र त्यावर निकाल देत नाही. ते प्रश्न देते : हे झाड अरण्यातले की रयतेचे? दुसरीकडून लाकूड आणता आले असते काय? धन्याला राजी केले होते काय? रात्रीच का? आणि याच्या उलट, जहाज बांधलेच नसते तर किनाऱ्याचे रक्षण कशाने झाले असते? असे आठ-दहा प्रश्न मुलांनी वहीत लिहिले, तर निष्कर्ष वेगवेगळे निघाले तरी चिंता नाही.

टोपीकरांविषयीचा भाग मुलांना विशेष आवडतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना व्यापार करू द्यावा पण किनाऱ्यावर, किल्ल्यांजवळ पक्की घरे बांधू देऊ नयेत, असा इशारा त्यात आहे. गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी भारताने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, हे उदाहरण समोर येतेच. त्यातील एकावरचे व्हिडिओ या मुलांनीही पाहिलेले असतात. फक्त शिक्षकाने एवढे लक्षात आणून द्यावे, की त्याच प्रकरणात अमात्यांनी सावकारांना राज्याची शोभा म्हटले आहे, त्यांना बोलावून आणून वसवावे असेही म्हटले आहे. व्यापार तोडा, असे ते कोठेच म्हणत नाहीत.

वतनदारांच्या प्रकरणावर मात्र अनेक ठिकाणी मौन पाळले जाते. वतनदार म्हणजे लहानसे राजेच, आहे त्यावर समाधान न मानता दुसऱ्याचे घेऊन वाढू पाहणारे, असे अमात्यांचे परखड निरीक्षण आहे. त्यांना फार मोकळे सोडू नये आणि उगाच दुखवूही नये, असा मध्यम मार्ग ते सांगतात. शाळेच्या संस्थेचे अध्यक्षपद कोणत्या घरात आहे, यावर तो उतारा किती मोठ्याने वाचायचा हे ठरते.

उंदीर आणि वात

शिवछत्रपतींचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार, कारकून यांना धाडलेले पत्र अनेक शाळांत वाचले जाते. राज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र. रयतेला तसदी देऊ नका, हा त्यातील भाग सर्वांना परिचित आहे. त्याच पत्रात आगीविषयी लिहिले आहे. कोणी स्वयंपाकाची आग तशीच ठेवील, कोणी पेटता दिवा ठेवील, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी मरतील. आणि मग ती घोडी तुम्हीच मारलीत असे होईल, हे महाराज अधिकाऱ्यांना बजावतात. मुले हा तपशील वाचून थक्क होतात. राजाला उंदराची आणि वातीची कल्पना यावी!

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली. चौकशी झाली, काही अधिकारी निलंबित झाले, राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी व्हावी असे आदेश निघाले. ही बातमी त्या पत्राशेजारी ठेवताना शिक्षकाचा आवाज चढण्याची गरज नाही. उंदीर दोषी नाही, वात दोषी नाही; वात विझविण्याचे काम ज्याच्याकडे होते तो उत्तरदायी, हा त्या पत्राचा गाभा आहे. मुलांनी त्यानंतर एवढेच करावे, की आपल्या शाळेतील अग्निशामक नळकांड्यांवरील तारीख वाचून यावी. कोठे ती संपलेली निघेल. कोठे नळकांडेच नसेल. कोठे ते कुलूपबंद प्रयोगशाळेत असेल. त्याविषयी मुख्याध्यापकांना मुलांनी विनयाने, शुद्ध मराठीत, एक पत्र लिहावे. पत्रलेखनाचा प्रश्न कृतिपत्रिकेत असतोच. तिथे काल्पनिक दुकानदाराला लिहिण्यापेक्षा हे बरे.

लेखी मजकूर आणि समोरचे संकट यांची गाठ घालण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १८९६-९७च्या दुष्काळात सरकारची दुष्काळ संहिता इंग्रजीत होती आणि रयतेला तिचा पत्ता नव्हता. लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते यांनी त्यातील तरतुदी मराठीत छापून गावोगाव पोचविल्या. पीक बुडाले तर सारासूट मागण्याचा हक्क कायद्यातच आहे, हे शेतकऱ्याला वाचून दाखविले गेले, आणि सरकारला नेमके तेच झोंबले. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक आणि वसतिगृहाचे पालक होते, तेव्हा मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढीत. दिवसभर शिकवून, मुलांची सेवाशुश्रूषा करून, रात्री तो अंक लिहिण्याचे कष्ट ते घेत. त्यांच्या पुढील राजकीय मतांविषयी कोणाचा मतभेद असेल. शिक्षक म्हणून त्या दैनिकापुढे मान तुकवावी लागते.

वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न शिक्षक विचारणार, आणि तो खरा आहे. अभ्यासक्रम, चाचण्या, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची सरकारी कामे, यांत तास उरतो कोठे? त्यावर उत्तर एवढेच, की आठवड्यातून एक तास पुरे, आणि तोही नवा नको. मराठीचा एक तास आणि इतिहासाचा एक तास एका शनिवारी जोडले तरी एक उतारा आणि एक बातमी नीट वाचून होते. बातमी आजचीच हवी असेही नाही. किंबहुना सहा महिन्यांपूर्वीची बरी, कारण तोवर धुरळा खाली बसलेला असतो आणि पुढे काय झाले तेही कळलेले असते. एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतील वृत्ते घ्यावीत. मथळे वेगळे का, कोणता आकडा एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, हे मुलांनी शोधावे. मोबाईलवर आलेला मजकूरही आणू द्यावा. फक्त तो आणणाऱ्याने, हे प्रथम कोणी लिहिले आणि कोठे, हे सांगितल्याशिवाय त्यावर चर्चा करू नये. बहुतेक मजकूर या एका अटीवरच गळतो.

पालकांची अडचण गुणांची असते. ज्या मुलाने लातूरच्या पाण्याचा हिशेब फळ्यावर केला आहे त्याला पाण्यावरील निबंध पाठ करावा लागत नाही, एवढे त्यांना पटवून देता येईल. घरी त्यांनी फारसे काही करायचे नाही. रात्री जेवताना दूरदर्शन संचावरील आरडाओरडा बंद करून, आज वर्गात कोणता उतारा वाचला, एवढे विचारावे, आणि मुलगा विरुद्ध बोलला तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे.

'आज्ञापत्र' लहानसे पुस्तक आहे. त्याची भाषा आज थोडी जड वाटते. फार्सी शब्दांपाशी मुले अडखळतात, म्हणून टीपा असलेली प्रत घ्यावी आणि एका तासाला पानभराहून अधिक वाचू नये. जुन्या शाळांच्या ग्रंथालयात ते बहुधा असतेच. पुष्कळ ठिकाणी ते काचेच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे सध्याच्या शिक्षकांपैकी कोणालाच ठाऊक नाही.